एकच आवाज हवा

यवतमाळ,
९ ऑगस्ट २०२४

सुरभी,

हे पत्र ख्यालीखुशाली विचारण्यासाठी नाही. एका गोष्टीचा खुलासा हवा आहे, म्हणून लिहितो आहे.

चौदा महिने तू माझा फोन उचलत नाहीस. पण उचलला असतास तरी ही गोष्ट मी फोनवर विचारली नसती. तू 'नाही सर' म्हणाली असतीस आणि ते 'नाही' छातीतून आलं की नुसतं घशातून, हे मला ओळखता आलं नसतं. ते लपवायला मीच तुला शिकवलं आहे, तीन वर्षं, दर शनिवार-रविवार, याच खोलीत. कागदावर मात्र तू अजून कच्ची आहेस. म्हणून कागद.

पुण्याच्या 'श्रवणवेल' या बोलत्या पुस्तकांच्या कंपनीला त्या सहाशे पानांच्या कादंबरीसाठी आवाज हवा आहे. उमरखेडच्या बैलबाजारातल्या एका दलाल घराण्याच्या चार पिढ्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं सगळी वऱ्हाडी बोलणारी. एकोणीस-वीस तासांचं वाचन. त्यांच्याकडे एकशे चाळीस नमुने आले होते, त्यातले दोन उरले, असं तिथल्या स्पृहाबाईंनी मला मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं. "सर, दोघंही यवतमाळ जिल्ह्यातले. गंमत आहे ना? पण आम्हाला एकच आवाज हवा." मी विचारलं, दुसरं कोण? तिने तुझं नाव सांगितलं. मला गंमत वाटली नाही.

ते असो. स्पर्धा आहे, तू उतरलीस, तो तुझा हक्क आहे. रेडिओवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसासमोर उभं राहावंसं तुला वाटलं, याचं थोडं श्रेय मलाही जातं. माझी हरकत पुढच्या गोष्टीला आहे.

काल स्पृहाबाईंचा पुन्हा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "सर, एक विचारू? तुमच्या डोळ्यांचं कळलं. एवढं मोठं वाचन झेपेल ना?"

मी म्हटलं, "माझे डोळे ठणठणीत आहेत," आणि फोन ठेवला.

माझ्या उजव्या डोळ्याने दीड वर्षापूर्वी काम बंद केलं आणि डावा कडेकडेने मिटत चालला आहे, हे जगात तीन माणसांना माहीत आहे. डॉक्टर, कुंदा आणि तू. डॉक्टरांना या कादंबरीत रस असायचं कारण नाही. कुंदाला मी काल देवघरासमोर उभं करून विचारलं. ती म्हणाली, "आता माझ्यावरही का?" आणि आत निघून गेली. काल संध्याकाळपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. उरलीस तू. काचबिंदू आहे असं डॉक्टर म्हणाले तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर तू बसली होतीस. बाहेर आल्यावर मी तुला म्हटलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही. तू मान हलवली होतीस.

तू सांगितलंस का? एका शब्दाचं उत्तर आहे.

पत्र रजिस्टरने पाठवतो आहे, पोचपावतीसकट. मिळालं नाही असं म्हणायची सोय ठेवलेली नाही.

मधुसूदन पाठक


यवतमाळ,
२८ ऑगस्ट २०२४

सुरभी,

पोचपावती आली. सही तुझ्या वडिलांची, रामरावांची आहे. म्हणजे पत्र घरात शिरलं. त्याला आता पंधरा दिवस झाले. ज्याच्या मनात काही नसतं, तो माणूस उत्तराला इतका वेळ घेत नाही.

मी स्वस्थ बसलेलो नाही. परवा लोहाऱ्याला संजयच्या स्टुडिओत गेलो होतो. अजून तसंच आहे, खाली फ्लेक्स छापायचं मशीन आणि वर ती काचेची खोली. आत कुणी वाचायला बसलं की संजय जिन्यातून ओरडतो, "मशीन बंद!" निवडणुका येणार म्हणून गडी खुशीत आहे. प्रचाराच्या रिक्षांसाठी माझा आवाज मागत होता. मी नाही म्हटलं. मी वेगळ्या कामासाठी गेलो होतो.

चहा झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुरभी येते का रे इकडे?"

"आलती ना सर, जुलैत. चार तास बसली."

"चार तास? नमुना तर पंधरा मिनिटांचा."

तेव्हा तो जरा चाचरला. "तुमची फाईल मागितली तिनं. तुमचा नमुना. ऐकायचा म्हणे. मी म्हटलं ऐक, तुमचीच तर शिष्य आहे."

आता मला सांग, प्रतिस्पर्ध्याचा नमुना चार तास बसून कोण ऐकतं, आणि कशासाठी? संजय म्हणाला, तू वहीत काहीतरी टिपत होतीस. मिनिटं आणि सेकंद. माझ्या वाचनातल्या चुका टिपल्यास ना? आणि त्या कुठे पाठवल्यास?

मग मीही म्हटलं, न्याय सारखा असावा. तुझा नमुना लाव.

त्याबद्दल माझं मत सांगतो, कारण दुसरं कुणी तुला खरं सांगणार नाही. सुरुवात घाईची आहे. तिसऱ्या मिनिटाला तू श्वास चोरला आहेस, तो मला ऐकू आला. निवेदन बरं. पण मग ती दलालाची बायको बोलते, "मले कोनी इचारलं नाई, अन् म्या बी सांगतलं नाई." हे वाक्य तू इतकं उघडं टाकलंस की मी दचकून संजयकडे पाहिलं, तो हसतो आहे का म्हणून. तो हसत नव्हता. त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला होता.

मी तो नमुना चार वेळा ऐकला. चार वेळा ऐकला तो तपासण्यासाठी, गैरसमज नको.

आणि एक गोष्ट खटकली. मागे एकही आवाज नाही. ना कुत्रं, ना ट्रॅक्टर, ना खालच्या मशीनची घरघर. हल्ली संगणक माणसासारखा बोलतो म्हणतात. मी संजयला विचारलं, "हा आवाज खरंच तिचा आहे ना? की मशीनमधून काढलाय?" तो म्हणाला, "काहीतरीच काय सर!" पण बोलण्याआधी त्याने वर छताकडे पाहिलं. मी ते लक्षात ठेवलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे.

मधुसूदन पाठक


यवतमाळ,
५ ऑक्टोबर २०२४

सुरभी,

दुसरी पोचपावतीही आली. तीही रामरावांच्याच सहीची. उत्तर नाही.

स्पृहाबाईंकडून कळलं की 'श्रवणवेल'ने तुझा नमुना तपासायला घेतला आहे. कुणा एका श्रोत्याने लिहून पाठवलं म्हणे, की तो आवाज माणसाने वाचलेला नसून यंत्राने तयार केलेला आहे. निर्णय त्यांनी पुढे ढकलला. स्पृहाबाईंनी मला विचारलं, "सर, तुम्ही त्यांना शिकवलंय, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, मला यातलं काही माहीत नाही, पण विस्तव असल्याशिवाय धूर निघत नाही, तपासून घ्यायला काय हरकत आहे.

कोण असेल हा श्रोता? तुमच्या महागावच्या बाजार समितीत तू भोंग्यावर भाव सांगतेस, तिथलं कुणी असेल. संजयही असू शकतो, तो सगळ्यांशी गोड बोलतो. संशय घ्यायचाच म्हटलं तर कुणाचाही घेता येतो. पण पाठीमागे कुणी आपल्याबद्दल लिहून पाठवलं की कसं वाटतं, हे एकदा तुलाही कळायला हवं होतं.

मी रोज सकाळी त्या कादंबरीची पानं मोठ्याने वाचतो आहे. तयारी असलेली बरी. बाराव्या मिनिटापर्यंत उत्तम जातं. मग ओळी एकमेकींत शिरतात. मग मी थोडा थांबतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून धरतो. कुंदा स्वयंपाकघरातून ऐकत असते. मी थांबलो की तिची भांडीही थांबतात.

ही शेवटची चार वाक्यं खोडायला हवीत. पण खोडलेलं दिसतं, म्हणून राहू देतो.

अक्षर तिरकं जातंय. कुंदाने विचारलं, कुणाला लिहिता? मी सांगितलं, पेन्शनच्या ऑफिसला.

मधुसूदन पाठक


यवतमाळ,
१६ नोव्हेंबर २०२४

सुरभी,

हे अक्षर कुंदाचं आहे. मी सांगतो आणि ती लिहिते. दिवाळीपासून डावा डोळा आणखी मिटला. हाताने लिहिणं आता जमत नाही. मी तिला बजावलं आहे की जे बोलीन ते सगळं लिही, मी मध्ये अडखळलो किंवा 'राहू दे' म्हणालो तरी.

मंगळवारी दुपारी रामराव आमच्याकडे आले. महागावहून सकाळची एसटी धरून, हातात सीताफळांची पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसले आणि पाणी पिण्याआधीच म्हणाले, "सर, आमच्यावर रागावले काय तुमी?"

मी म्हटलं, "कशाला रागावू?"

"मंग पोट्टीले कायले इतके रजिस्टर धाडून राह्यले?" आणि सीताफळांखालून त्यांनी तीन पाकिटं काढली. माझीच. तिन्ही बंद. एकाचाही डिंक सुटलेला नव्हता.

"तिनं फोडलेच नाई. तुमचं अक्षर पाह्यलं का तिचा हात थांबते. म्हणे, बाबा, सर चूक काढतीन. म्या म्हटलं, नाई वाचाचं तं परत देऊन येतो. कोनाचा कागद असा घरात पडून राहू नाई."

मी पाकिटं हातात घेतली. तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. सुटका वाटली.

मग रामराव म्हणाले, "पन म्या आलो दुसऱ्या कामासाठी. कंपनीवाल्यायनं तिले इचारलं, हा आवाज तुहा का मशीनचा म्हून. कोनीतरी लिवून धाडलं म्हणे. तवापासून पोट्टी घरात बोलत नाई. मायसंगं बी नाई. बाजार समितीत जाते, भाव सांगते, घरी येऊन मुकी बसते. भागीरथा म्हणते, माह्या पोरीचा आवाज कोनी बांधला. सर, तुमी एक चिठ्ठी द्या ना त्यायले. तुमी तिले तीन वरसं शिकवलं. तुमी म्हटलं हा आवाज तिचाच हाये, तं कोन नाई म्हणन?"

कुंदा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. यानंतर मला गप्प राहता आलं असतं, किंवा रडता आलं असतं. मी विचारलं, "रामराव, माझ्या डोळ्यांचं कंपनीला कुणी सांगितलं?" म्हणजे त्या क्षणीही मला तेच हवं होतं. तुझी चूक.

ते लगेच म्हणाले, "सुरभीनंच. लिवल्यावर मले वाचून दाखोलं ना तिनं. सरांले मोठे अक्षरं छापून द्या, अन् अर्ध्या घंट्यानं थांबू द्या, असं लिवलं. म्या म्हटलं, बाई, त्याच कामाच्या मागं तू बी हायेस, मंग तू काहून सांगतं? तं म्हणे, सर नीट वाचतीन अन् म्या हारली तं चालते. सरांले दिसलं नाई म्हून म्या जिकली, तं ते कायचं जिकनं?"

चिठ्ठी मी दिली नाही. "पाहतो," म्हटलं. निघताना ते पाया पडायला वाकले, मी पाय मागे घेतले. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

ते गेल्यावर तीन बंद पाकिटं टेबलावर होती. आत काय आहे हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. 'एक श्रोता' कोण, हेही कुणाला माहीत नव्हतं. पाकिटं चुलीत घातली असती आणि कंपनीला एक छान चिठ्ठी लिहिली असती, तर तुझ्या घरात जन्मभर माझं नाव निघालं असतं. हा विचार मी केला. घाईत नाही, शांतपणे, दीड दिवस केला.

गुरुवारी सकाळी स्पृहाबाईंना फोन लावला. रामरावांवरही माझा पूर्ण विश्वास बसला नव्हता. बाप मुलीसाठी काहीही सांगेल. म्हटलं, सुरभीने माझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते वाचून दाखवा. तिने वाचलं. एक वाक्य मला पाठ झालं आहे: "सरांचा नमुना मी पुन्हा पुन्हा ऐकला, ते दर ओळीच्या शेवटी थांबतात, ती त्यांची पद्धत नाही, ते पुढची ओळ शोधत असतात." त्याखाली तू जागा दिल्या होत्या, मिनिटं आणि सेकंद. चार तास बसून टिपलेल्या.

स्पृहाबाई म्हणाली, "सर, आम्ही मोठी अक्षरं द्यायला तयार होतो. म्हणून तर मी तुम्हाला झेपेल का विचारलं. तुम्ही डोळे ठणठणीत आहेत म्हणालात आणि फोन ठेवलात."

आता पुढचं.

(कुंदाने मान वर केली आहे. तिला अजून माहीत नाही. मी हे वाक्य तीनदा सुरू केलं आणि तीनदा खोकलो.)

'एक श्रोता' या नावाने कंपनीला ते पत्र मी लिहिलं. सप्टेंबरच्या दहा तारखेला, गांधी चौकातल्या सायबर कॅफेत बसून, तिथल्या माणसाकडून टाईप करून घेतलं. तो आवाज तुझाच आहे हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. चोरलेला श्वास यंत्र घेत नाही.

–

सुरभी, मी कुंदाकाकू. इथे मी पेन खाली ठेवलं होतं. दोन दिवस यांच्याशी बोलले नाही, आज पुन्हा बसले आहे. ते म्हणाले होते सगळं लिही, म्हणून हेही लिहिते. तू मोठ्या अक्षरांचं लिहिलंस ते मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, कारण यांना कुणी आंधळं म्हटलेलं मला सोसलं नसतं. म्हणजे मीही काही फार शहाणी नाही. हे पत्र पोस्टात मी स्वतः टाकणार आहे. यांच्या हातात देणार नाही. पुढे त्यांचं ऐक.

–

स्पृहाबाईंना त्याच फोनवर मी सांगितलं. तिने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "सर, हे मला वर कळवावं लागेल. तुमचं नाव आता राहणार नाही. पुढेही नाही." मी म्हटलं, ठेवू नका. पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता ते तुला व्हिडिओवर समोर बसवून वाचायला सांगतील. देतील ते पान, एका दमात. बाकी काही नाही. त्यांचा निरोप येईलच.

आणखी एक गोष्ट राहिली, ती सर्वांत जुनी. गेल्या वर्षी जूनमध्ये त्या सत्काराच्या कार्यक्रमात तू सूत्रसंचालन करत होतीस. मध्येच तू तुझ्या गावच्या लग्नातला किस्सा वऱ्हाडीत सांगितलास आणि सभागृहाने संध्याकाळभरातल्या सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. मी प्रमुख पाहुणा होतो. माईक हातात आल्यावर म्हणालो, "सूत्रसंचालन म्हणजे ओट्यावरच्या गप्पा नव्हेत. किती शिकवा, माती ती मातीच." लोक हसले. तू कार्यक्रम संपवलास, माझे आभारही मानलेस, आणि त्यानंतर या घरी आली नाहीस.

चौऐंशी साली मी पुण्यात आवाजाची चाचणी द्यायला गेलो होतो. दारव्ह्याच्या तहसीलमधल्या कारकुनाचा मुलगा. काचेपलीकडच्या तिघांनी विचारलं, "पाणी हवं का?" मी म्हणालो, "मले नको." ते हसले. एक जण म्हणाला, "पुन्हा एकदा म्हणा ना." मी पुन्हा म्हणालो. मला वाटलं, चाचणीच आहे. यवतमाळला परत येईपर्यंत मी 'मला' म्हणायला शिकलो होतो, आणि पुढे चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत राहिलो. हे मी कुंदालाही आजच सांगतो आहे. याने माझा दोष कमी होत नाही, पण तुला माहीत असावं.

ती तीन पाकिटं याच मोठ्या पाकिटात घातली आहेत, होती तशी बंद. वाचायची की नाही ते तू ठरव. मी तुझ्याबद्दल काय काय मनात आणलं ते त्यात आहे.

उत्तर मागत नाही.

मधुसूदन


यवतमाळ,
९ मार्च २०२५

सुरभी,

काल दुपारी तुझा फोन आला. कुंदाने उचलला. तू म्हणालीस, "काकू, सरांले द्या ना." तिने फोन माझ्या कानाला लावला. तू विचारलंस, "सर, ऐकलं काय?" मग नुसतं, "सर?" मग, "हॅलो, आवाज येऊन राह्यला का?" मग पलीकडे कुणालातरी म्हणालीस, "लाइन गेली वाटते," आणि ठेवलास.

लाइन गेली नव्हती. मी फोन धरून होतो. तोंड उघडलं होतं, पण बाहेर काही येईना. रेडिओवर एकतीस वर्षांत माझ्याकडून चार सेकंदांच्या वर शांतता कधी गेली नाही. काल कुंदा म्हणते, पाऊण मिनिट गेली. तू पुन्हा करशील म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत फोनजवळ बसलो. मी करावा, तर पुन्हा तसंच होईल अशी भीती वाटली. म्हणून हे पत्र. अक्षर अर्थात कुंदाचं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ऐकलं. एकोणीस तास वीस मिनिटं. दोनदा.

काम तुला मिळालं हे डिसेंबरात रामरावांनी कळवलं होतं. तेव्हाच त्यांनी सांगितलं की तू कापसाच्या खोलीत वाचायला बसतेस. छतापर्यंत कापूस, मधे एक स्टूल, आवाज कुठे आपटत नाही, बाहेरचा आत येत नाही. वाचून बाहेर आलीस की अंगभर खाज सुटते आणि भागीरथाबाई खोबरेल घेऊन उभ्या असतात. जानेवारीत व्यापारी दोनदा गाडी घेऊन आला तेव्हा रामरावांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मला म्हणाले, "त्याले म्हटलं, आता नाई इकत. आत पुस्तक चालू हाये." मला त्यांचा हेवा वाटला. मी तुला एवढी वर्षं शिकवलं, पण तुझ्यासाठी अशी एखादी खोली कधी अडवून ठेवली नाही.

पहिल्यांदा ऐकलं ते खरं सांगायचं तर कान टवकारून. सवय जात नाही. कुंदाला वही घेऊन बसवलं होतं, की मी बोट वर केलं की वेळ लिही. पहिल्या दिवशी दोन तासांत सहा वेळा बोट वर केलं. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी कुंदा म्हणाली, "मी भाजी निवडायला घेऊ का? तुमचं बोट काही हलत नाही." बैलजोडी विकली जाते त्या दिवशी दलालाची बायको रिकाम्या गोठ्यात जाऊन वैरण टाकते, ते प्रकरण सुरू झालं तेव्हा मी तिला फोन बंद करायला सांगितलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत येऊन म्हटलं, लाव. पुन्हा सुरुवातीपासून. ती बाई आमच्या दारव्ह्याच्या घरातल्यासारखी बोलत होती. चाळीस वर्षं माझ्या घरात तसं कुणी बोललं नव्हतं, कारण मी बोलू दिलं नव्हतं.

ती पत्रं तू फोडलीस की नाही हे मी विचारणार नाही. कालचा फोन तू आपणहून केलास की रामरावांनी करायला लावला, हेही मनात आलं. तेही विचारत नाही. मनात आलं एवढं मात्र कबूल करतो.

डोळ्यांचं तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. आता उजेड कळतो आणि माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण ते बोलल्यावर कळतं.

शेवटचं, कामाचं. एक चूक सापडली आहे. सोळाव्या प्रकरणात, नवव्या मिनिटाच्या आसपास. कंपनीला सापडली नाही, कुंदाला चारदा ऐकवून दाखवली तरी तिला कळली नाही. ती पत्रात लिहून सांगण्यासारखी नाही, समोर बसून तोंडाने करूनच दाखवावी लागेल. यवतमाळला येणं झालं तर दाखवीन. आली नाहीस तरी काळजी करू नकोस; तुझ्या-माझ्याशिवाय ती कुणाच्या कानाला लागणार नाही.

मधुसूदन

(सुरभी, चूकबिक काही नाही. सोळावं प्रकरण मी पाच वेळा ऐकलं. रविवारी जेवायलाच ये. – कुंदाकाकू)